दोन पडदे

‘मॉनिटर’ हा शब्द मूळ लॅटिन असून ‘सावध करणे, बजावणे’ अशा अर्थाच्या धातूपासून तो तयार झाला आहे. मराठी मुलखात मात्र तो संगणकाच्या पुष्कळ आधी शाळेच्या दारातून आला, आणि गुरुजी वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणारा, पण स्वतः सर्वांत जास्त बोलणारा विद्यार्थी तो मॉनिटर, अशी त्याची व्याख्या येथे रूढ झाली. पुढे संगणकाच्या पडद्याला हेच नाव मिळाले. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात, मुद्रित झालेला आवाज पदरची गोडी न घालता जसाच्या तसा ऐकवणाऱ्या स्पीकरलाही मॉनिटरच म्हणतात. आणि इंग्रजीत घोरपडीच्या कुळाचे नावही मॉनिटर असेच आहे. या चारही अर्थांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न भाषाशास्त्राचा असला तरी अनुभवाच्या पातळीवर त्याचे उत्तर सोपे आहे: यांपैकी कोणताही मॉनिटर एकदा चिकटला की सुटत नाही.

प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे दिवसा नोकरी आणि रात्री संगीत एकाच टेबलावर करणारा गृहस्थ. त्याला सोयीसाठी ‘नादगृहस्थ’ म्हणता येईल. या शब्दातील नाद ध्वनी आणि खूळ अशा दोन्ही अर्थांनी घ्यावा. हा गृहस्थ घरच्या अंदाजपत्रकात ‘कामासाठी दोन मॉनिटर’ अशी एकच नोंद मंजूर करून घेतो. पहिल्या महिन्यात दोन पडदे येतात आणि घर निःशंक असते. तिसऱ्या महिन्यात दोन जड खोकी येतात, त्यांवरही मॉनिटर असेच छापलेले असते, पण आतून स्पीकर निघतात. गृहस्थ खोटे बोललेला नसतो. ‘नरो वा कुंजरो वा’ या थोर परंपरेतले ते सत्यकथन असते, आणि युधिष्ठिराचा रथ जसा त्यानंतर जमिनीला टेकला तसे नादगृहस्थाचे घरातले वजनही त्यानंतर जमिनीला टेकते.

एका संगणकाला दोन पडदे जोडण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९८७ साली आलेल्या मॅकिंटॉश टू या संगणकावर एकापेक्षा अधिक पडदे जोडता येत असत, आणि विंडोज ९८ या प्रणालीने सामान्य वापरकर्त्याला तब्बल नऊ पडद्यांची मुभा दिली. नऊ हा आकडा भारतीय मनाला ओळखीचा आहे. परंतु नवग्रहांची शांत करता येते, नऊ पडद्यांची करता येत नाही, म्हणून बहुसंख्य लोक तेव्हा एकावरच थांबले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कार्यालये घरात शिरली, जेवणाच्या टेबलाचे ऑफिस झाले आणि दुसरा पडदा ही चैनीची वस्तू न राहता जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत जाऊन बसली. पुढे काही जणांची कार्यालये परत गेली, पण पडदा परत गेला नाही. आणि रिकाम्या पडद्यासमोर बसून काय करावे या विचारात असलेल्या अनेकांना आपण महाविद्यालयात गात होतो हे अचानक आठवले.

कामाच्या दृष्टीने दुसऱ्या पडद्याचे समर्थन असे केले जाते की एका पडद्यावर मूळ कागद उघडा ठेवून दुसऱ्यावर त्यावरील टिपण लिहिता येते, त्यामुळे खिडक्यांची उघडझाप वाचते. हे म्हणणे खरे आहे आणि जमाखर्च तपासणारे, भाषांतर करणारे किंवा संगणकाची आज्ञावली लिहिणारे लोक त्याची साक्ष देतील. तथापि सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात जो सिद्धान्त मांडला, की काम हे हाताशी असलेला वेळ भरेल इतके फुगते, तो पडद्यांनाही लागू पडतो. मराठी गृहिणीला हा सिद्धान्त पार्किन्सनच्या आधीपासून ठाऊक आहे. ती तो माळ्याच्या भाषेत सांगते, की माळा केवढाही बांधला तरी भरतोच. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या पडद्यावर एक तक्ता असतो. सहाव्या आठवड्यात तेथे टपाल, हवामान, क्रिकेटचा धावफलक आणि कधीतरी वाचू म्हणून उघडून ठेवलेली तेहेतीस पाने असतात, आणि मूळ तक्ता पुन्हा पहिल्या पडद्यावर खिडक्यांच्या उघडझापीत सापडलेला असतो.

दोन पडद्यांपैकी एकाला ‘मुख्य’ ठरवावे लागते, आणि येथे संयुक्त कुटुंबातील सर्व प्रश्न सुरू होतात. मुख्य पडदा समोर आणि दुसरा कडेला ठेवला तर मान एकाच बाजूला वळलेली राहते. दोघांना समान मान द्यावा म्हणून दोन्ही सारखे मांडले तर त्यांच्या कडा जेथे मिळतात ती काळी रेघ बरोबर नाकासमोर येते आणि गृहस्थ दिवसभर ज्या एकाच जागेकडे सरळ पाहू शकतो तेथे काहीच नसते. बाण या पडद्यावरून त्या पडद्यावर जाताना हरवतो, व तो शोधण्यासाठी उंदीर टेबलावर गरगर फिरवण्याचा जो विधी आहे तो लांबून पाहणाऱ्याला जात्यावरच्या दळणासारखा दिसतो. डोळ्यांसाठी वीस-वीस-वीस असा एक सर्वपरिचित नियम सांगितला जातो: दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. मुंबईत वेळेचे दोन वीस कसेबसे जमतात. फुटांचे वीस मिळवायचे तर शेजारच्या इमारतीची भिंत आठ फूट मागे सरकवावी लागते.

खरी कसोटी ऑनलाइन बैठकीत लागते, कारण तेथे आपला एक पडदा सर्वांना दाखवायचा असतो आणि कोणता, हा निर्णय घाईत घ्यायचा असतो. रंगभूमीवर पडदा चुकीच्या वेळी वर गेला तर फार तर झाडू मारणारा दिसतो. येथे पडदाच चुकीचा वर जातो आणि तिमाही खर्चाच्या तक्त्याची वाट पाहणाऱ्या साहेबांना ‘विठ्ठला_फायनल_३_खरंच_फायनल’ या नावाची, अर्धवट राहिलेली, बावीस रंगीत पट्ट्यांची एक फाइल दिसते. साहेब सुसंस्कृत असतील तर “छंद चांगला आहे हो” एवढेच म्हणतात. या वाक्याचा अर्थ वार्षिक पगारवाढीच्या वेळी कळतो.

त्या बावीस पट्ट्या म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. संगणकावर ध्वनिमुद्रण करण्याच्या प्रणालीत प्रत्येक आवाजाला, म्हणजे गळ्याला, तबल्याला, पेटीला, एकेक स्वतंत्र पट्टी दिलेली असते व तिला ट्रॅक म्हणतात. प्रणालीच्या मुख्य खिडक्या दोन: एकीत हे ट्रॅक आडवे, आगगाडीच्या डब्यांसारखे, डावीकडून उजवीकडे काळ दाखवत पसरतात, दुसरीत त्याच ट्रॅकच्या उभ्या पट्ट्या असतात व त्यांवर आवाज कमीजास्त करण्याचे खटके असतात, तिला मिक्सर म्हणतात. आडवी खिडकी एका पडद्यावर आणि उभी दुसऱ्यावर ठेवता येते. नादगृहस्थाचे सारे तत्त्वज्ञान या एका वाक्यावर उभे आहे, आणि ते खोटे नाही. मात्र १९८९ साली क्यूबेस ही प्रणाली अवतरली ती अटारी एसटी या संगणकावर. त्याचा बारा इंची काळापांढरा पडदा ६४० बाय ४०० ठिपक्यांचा होता. आजचा साधा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे असे दोन मिळून ४१,४७,२०० ठिपके होतात, जे अटारीच्या सोळा पटींहून अधिक आहेत. गाणी सोळा पटींनी सुधारल्याची नोंद कोठेही नाही.

या चित्रमय मिक्सरची मौज अशी की जुन्या स्टुडिओतील यंत्रांची त्याने इमानेइतबारे नक्कल केलेली असते. गोल खुंट्या, थरथरणारे काटे, कोपऱ्यांतले स्क्रू, इतकेच काय, बाजूला शिसवीसारखी लाकडी फळीसुद्धा रंगवलेली असते. खुंटी दिसते गोल, पण ती फिरवण्यासाठी उंदीर वर-खाली सरकवावा लागतो, म्हणजे नळ उघडायला भिंतीवर हात घासावा तसे. शिवाय मराठी घरात मिक्सर या पदवीवर आधीपासून एकाचा हक्क आहे, आणि तो स्वयंपाकघरात राहतो. “आई, तो मिक्सर बंद कर ना, माझं मिक्सिंग चाललंय,” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही त्याला घरात प्रतिष्ठा मिळत नाही. “मग चटणी तुझ्या मिक्सरमध्ये वाटून दे,” हे त्यावरचे उत्तर तर्कदृष्ट्या अधिक भक्कम मानले जाते.

आता भूमितीकडे वळावे. ध्वनिशास्त्राचा एक प्राथमिक दंडक असा की दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके हे समभुज त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू असावेत, म्हणजे डावा-उजवा आवाज समतोल पोचतो आणि गाणारा बरोबर मध्ये उभा असल्याचा भास होतो. चोवीस इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर. दोन शेजारी ठेवले की साडेतीन फूट झाले. टेबल चार फुटांचे. उरलेल्या अर्ध्या फुटात दोन स्पीकर बसवणे एसटीच्या दोघांच्या बाकावर तिसरा आणि चौथा प्रवासी बसवण्यासारखे असल्यामुळे एक स्पीकर शिलाई मशीनवर आणि दुसरा जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर विराजमान होतो, व समभुज त्रिकोण विषमभुज होतो. स्पीकर पडद्यांच्या बाहेर नीट लांब ठेवले तर गृहस्थालाही तितकेच मागे सरकावे लागते आणि तेथून अक्षरे दिसत नाहीत. म्हणून तो वाचायला पुढे आणि ऐकायला मागे असा रात्रभर झुलत राहतो. दाराच्या फटीतून पाहणाऱ्या घरच्यांचा समज तो गाण्यात रंगला आहे असा होतो.

खोलीचाही या त्रिकोणाला विरोध असतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि दहा फूट अंतराच्या समोरासमोर दोन भिंतींमध्ये ज्याची अर्धी लाट नेमकी मावते असा स्वर सुमारे ५६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५६ आंदोलनांचा असतो. पेटीवाल्यांच्या भाषेत हा पांढरी सहाच्या खर्जाचा शेजारी. खोली दहा बाय दहा असेल तर लांबी आणि रुंदी दोघी मिळून याच स्वराला उचलून धरतात, त्यामुळे तो स्वर आला की खोली बैलासारखी हुंकारते आणि गृहस्थ तो दोष गाण्याचा समजून गाण्यातला खर्जच छाटून टाकतो. उपाय म्हणून भिंतींना आजीच्या गोधड्या टांगतात. गोधडीने वरच्या स्वरांचा खणखणाट शमतो, हे खरे. पण मऊ वस्तूने खालचा स्वर चांगला शोषायचा तर तिची जाडी त्याच्या लाटेच्या चौथ्या हिश्श्याच्या जवळ जावी लागते, आणि ५६ हर्ट्झच्या बाबतीत हा हिशेब पाच फूट भरतो. दोन समोरासमोरच्या भिंतींना पाच-पाच फुटांची गोधडी लावली की खोलीतील ध्वनिदोष पूर्णपणे जातो, कारण खोलीच जाते.

व्यवसायातले लोकही नेहमी उत्तम स्पीकरवरच विसंबतात असे नाही. यामाहा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती श्रवणासाठी आलेला स्पीकर घरांत फारसा रुचला नाही, परंतु तो इतका कोरडा आणि स्पष्टवक्ता होता की जगभरच्या स्टुडिओंनी त्याला आपलेसे केले. याच्यावर जे कानाला बरे लागेल ते कोठेही बरे लागेल, असा विश्वास त्यामागे होता. पुणेरी मनाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. तेथे सदाशिव पेठेत दाद मिळाली की उरलेल्या महाराष्ट्राची चिंता नसते.

प्रत्यक्ष मुद्रणाची वेळ आली म्हणजे आणखी दोन पाहुणे येतात. पहिला म्हणजे घूं असा आवाज. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, गिटारच्या चुंबकी पिकअपला ती जवळच्या तारांमधून आणि यंत्रांमधून सहज ऐकू जाते, आणि ५० हर्ट्झ हा पांढरी पाचच्या अगदी जवळचा स्वर असल्यामुळे नादगृहस्थाच्या खोलीत वीजमंडळाचा तंबोरा चोवीस तास फुकट लागलेला असतो. हुशार गृहस्थ गाणेच त्या पट्टीत बांधतो. दुसरा पाहुणा म्हणजे विलंब. संगणक आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो, पण ते एकेक करून पुढे धाडत नाही. ठराविक संख्या भरेपर्यंत तो थांबतो, जसा वडापवाला जीप भरल्याशिवाय हलत नाही. ही संख्या १०२४ असेल तर एका खेपेला २१ मिलिसेकंद लागतात, येण्याजाण्याच्या दोन खेपांचे मिळून सुमारे ४३ होतात, आणि तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेचौदा मीटर गेला असता. म्हणजे गायकाला स्वतःचाच गळा मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाहून, जेवणाच्या पंगतीपलीकडून ऐकू येतो, आणि सम नवऱ्या मुलासारखी मुहूर्त टळल्यावर पोचते. जीप कमी प्रवाशांत सोडली तर विलंब घटतो, पण खेपा वाढून संगणकाला धाप लागते व आवाज तुटू लागतो.

येथवरच्या अडचणी यांत्रिक असून चिकाटीने त्या सुटतात. मूळ अडचण निराळी आहे: दोन पडद्यांमुळे पाहण्याची सोय इतकी वाढते की ऐकण्याचे काम डोळ्यांकडे जाते. तबल्याचा ठोका पडद्यावर डोंगराच्या सुळक्यासारखा दिसतो, शेजारी मात्रेची उभी रेघ असते, आणि सुळका रेघेच्या केसभर मागे दिसला की तो ओढून रेघेवर बसवण्याचा मोह अनावर होतो. तो ठोका मुद्दाम मागे ठेवलेला असू शकतो, त्या मागे रेंगाळण्यातच लयीचा झोक असू शकतो, हे रेघेला माहीत नसते. सुरांचेही तेच. ऑटो-ट्यून ही सूर सुधारणारी प्रणाली १९९७ साली आली आणि तिचा जनक अँडी हिल्डेब्रँड त्यापूर्वी भूगर्भात तेल शोधण्यासाठी जमिनीतून परतणाऱ्या लहरींचे गणित मांडत असे. तेच ज्ञान त्याने पुढे माणसाच्या गळ्याकडे वळवले. या प्रणालींच्या आलेखात एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणारी मींड तिरक्या रेघेसारखी दिसते, आणि प्रणाली कडक लावून ठेवली तर यंत्र त्या घसरणीला चूक समजून तिच्या पायऱ्या करते. दोन्ही पडद्यांवर त्यानंतर सर्व काही सरळ, चौकोनी आणि नीटनेटके दिसते. ऐकू मात्र येते ते लिफ्टमधून बोलणाऱ्या बाईच्या गाण्यासारखे.

पार्किन्सनने आपला सिद्धान्त मांडला त्याच १९५५ साली, १ एप्रिलपासून, पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि दर आठवड्याला एक या हिशेबाने त्याची ५६ गीते झाली. त्या वेळी स्टुडिओत संगणकाचा एकही पडदा नव्हता; होता तो आठवडा, आणि आठवडा संपला की गाणे श्रोत्यांसमोर जायचे होते. दोन पडदे असलेल्या नादगृहस्थाजवळही वर्षाच्या अखेरीस छप्पन्न गाणी असतात, फरक इतकाच की त्या छप्पन्न फाइलींपैकी एकही पूर्ण झालेली नसते, कारण त्याचा आठवडा कधी संपतच नाही. अर्थात या तुलनेवरून पडद्याला दोषी ठरवणे न्यायाचे नाही. ज्याच्याकडे बांधायला चाल असते तो एका पडद्यावर बांधतो, आणि ज्याच्याकडे नसते त्याला विंडोज ९८ ने देऊ केलेले नऊही अपुरे पडतात.

मराठीत पडदा या शब्दाचे क्षेत्र मोठे आहे. सतारीच्या दांडीवर स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या पडदेच असतात, आणि कानाच्या आत, मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढा जाड, एकेक पडदा प्रत्येकाला जन्मतःच मिळालेला असतो. तो मोजून दोनच असतो, त्याला केबल लागत नाही, त्यात मुख्य आणि दुय्यम असा भेद नसतो आणि बैठकीत तो चुकून कोणाला दाखवला जात नाही. घरी ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्याने दुसरा मॉनिटर अवश्य घ्यावा, दिवसा त्यावर कचेरीचे तक्ते आणि रात्री मिक्सर मांडावा, स्पीकर दिवाळी अंकांवरून खाली उतरवून एका उंचीवर ठेवावेत आणि चटणी वाटून होईपर्यंत गायला बसू नये. गाणे पुरे झाले असे वाटले की दोन्ही पडद्यांच्या खालच्या कडेला चाचपडून पाहावे. तेथे एक बटण असते, ते दाबावे आणि गाणे एकदा अंधारात ऐकावे.